धुनीखालची मरळ

“…मग पाप कुणाच्या माथी बसतं, बाबा? ज्यानं हात उचलला त्याच्या, की ज्यानं उचललाच नाही त्याच्याही?”

फौजदार भालचंद्र निंबोरेनं एवढं विचारलं आणि तो मांडी घालून ताठ बसला. प्रश्न त्यानं पायऱ्या चढतानाच जुळवून ठेवला होता. प्रश्न चांगला जमलाय, असं त्याला वाटत होतं.

जालमनाथबाबा माशाला मीठ चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ठाण्यात जा,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता जा.”

निंबोरे हसला. आदरानं हसला, पण हसलाच.

असं काहीतरी होणार, हे तो धरूनच आला होता.

या मठाची ही जुनी रीत. आलेल्याला आधी हाकलायचं. शिव्या द्यायच्या, धोंडा उगारायचा, पाणीसुद्धा विचारायचं नाही. जो उठून जातो तो बघ्या. जो बसून राहतो तो शिष्य. खुद्द जालमनाथांना त्यांच्या गुरूंनी जळतं लाकूड फेकून मारलं होतं. त्याचा डाग अजून त्यांच्या दंडावर होता. ते उठले नाहीत, म्हणून आज या गादीवर होते.

ही हकीकत शेलूर गावात सगळ्यांना पाठ होती, कारण निंबोरेच ती सगळ्यांना सांगायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावलं तरी सांगायचा. शेवटी म्हणायचा, मलाही बाबांनी कितीदा हाकललंय. मग जरा थांबायचा. टाळ्या पडायच्या.

तर तो बसून राहिला.

चैत्रातली दुपार. टेकडीचा माथा म्हणजे एकच मोठा कातळ, आणि तो तापलेला. मठ म्हणायचा तर एक पत्र्याची पडवी, एक चिंच आणि धुनी.

धुनी मात्र कुठं पाहायला मिळणार नाही अशी. पहिल्या नाथांनी याच कातळात समाधी घेतली, असं इथं मानतात. समाधीवर विस्तव ठेवायचा नाही. म्हणून ही धुनी जमिनीवर नाही, हवेत आहे. लोखंडाचे तीन गज वर एकत्र बांधलेले, त्यांना साखळ्यांनी टांगलेली जाड परात, परातीला भोकं, आणि परातीत बाभळीचे निखारे. गुरूच्या गुरूच्या काळापासून न विझलेले. इथं जे काही रांधलं जातं ते त्या परातीच्या खाली, दगडी पाट्यावर. आच वरून. वर झाकण नाही, खाली तवा नाही. विस्तव आणि अन्न यांच्यामध्ये वीतभर रिकामी जागा, बस.

अशा आचेखाली काही ठेवलं की नजर काढून चालत नाही. चुलीवरचं अन्न खालून लागतं, ते वास आल्यावर कळतं. बाई म्हणू शकते, मला दिसलंच नाही. इथं ती सोय नाही. जे होतं ते डोळ्यांदेखत होतं.

बाबांनी मासा पाट्यावर ठेवला. हाताएवढी मरळ होती. दोन्ही अंगांना चिरा दिलेल्या, त्यात लसूण-मिरचीचं वाटण भरलेलं. त्यांनी पाटा परातीखाली सरकवला.

“ऐकू आलं नाही का रे तुला?”

“आलं, बाबा.”

“मग?”

निंबोरेनं हात जोडले आणि डोळे मिटले. असं केलं की बाबा गप्प बसतात, असा त्याचा अनुभव होता.

या वेळी बसले नाहीत.

“डोळे उघड,” ते म्हणाले. “आज कोठडीत कोण आहे?”

निंबोरेनं डोळे उघडले. हा प्रश्न या जागी कधी विचारला गेला नव्हता.

कोठडीत हिरामण घटे होता. भोयाचा. शेलूरच्या तळ्यात बापजाद्यांपासून जाळं टाकणारी ही माणसं. दोन वर्षांपूर्वी तळं ठेक्यानं गेलं आणि त्यांचं जाळं टाकणं एका रात्रीत चोरी ठरलं. गेल्या आठवड्यात ठेकेदाराची नवी नाव कुणीतरी जाळली. ठेकेदाराच्या मागे मोठी माणसं होती, त्या माणसांच्या मागे आणखी मोठी. काल संध्याकाळी हिरामणला उचलून आणला. तो म्हणत होता, मी त्या दिवशी बहिणीच्या गावाला होतो. आज सकाळी निंबोरेला वरून फोन आला, की संध्याकाळपर्यंत कबुली हवी.

फोन ठेवल्यावर त्यानं हवालदार खिल्लारेकडे पाहिलं. खिल्लारे म्हणाला, साहेब, बऱ्याच दिवसांत टेकडीवर गेला नाहीत.

निंबोरेनं जीप काढायला सांगितली.

एवढंच बोलणं झालं. दर वेळी एवढंच व्हायचं. आजवरच्या नोकरीत निंबोरेनं कोठडीतल्या माणसावर हात टाकलेला नव्हता. शिवीही दिलेली नव्हती. तशी ऑर्डरही त्याच्या तोंडून कधी निघाली नाही, आणि याचा त्याला मनापासून अभिमान होता. बाकीचे अधिकारी रासवट आहेत, असं तो घरी बायकोला सांगायचा. काम निघालं की तो दर्शनाला जायचा. फोन देवाच्या दारात कशाला, म्हणून जिपेतच ठेवायचा. पायथ्याशी जीप उभी दिसली की ठाण्याला लागून असलेला पानवाला आपला रेडिओ मोठा करायचा. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या कानावर काही पडू नये म्हणून तो आपला करायचा. रेडिओ बंद झाला की निंबोरे टेकडी उतरायचा.

आत्ताही वाऱ्याबरोबर गाणं वर येत होतं. कसलंसं लग्नातलं, बँडवर वाजवतात तसलं.

“हिरामण घटे म्हणून एक आहे,” निंबोरे म्हणाला. “चौकशीला आणलाय.”

“हा मासा त्याच्या बायकोनं आणला.”

निंबोरे माशाकडे पाहू लागला.

बाबांनी मग सगळं सांगितलं. एरवी त्यांचं बोलणं तुटक, अर्थ लावावा तसा लागणारं. आज ते एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्यासारखं सरळ बोलले. द्वारका पहाटे नदीवर गेली. तळ्याला हात लावता येत नाही, म्हणून नदीवर. मिळाला तो मासा घेऊन वर आली आणि पायरीशी बसली. रडली नाही. म्हणाली, फौजदार तुमचं ऐकतात, ते आज वर येतीलच. माझ्या नवऱ्याचं काळीज दुबळं आहे. तालुक्याच्या डॉक्टरनं ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलंय. त्याला दोन दिवस उपाशी ठेवा, जेलात धाडा, पण मारू नका. त्याला मार सोसायचा नाही. एवढं म्हणून ती गेली. आता ठाण्याच्या फाटकाबाहेर बसली असेल.

“मी तिला शब्द दिलाय,” बाबा म्हणाले. “तो आला की परत पाठवतो, असं म्हणालो. माझे गुडघे गेले, नाहीतर मीच उतरलो असतो. ऊठ.”

निंबोरे उठला.

म्हणजे अर्धा उठला. एक गुडघा कातळावर, एक हात टेकलेला. दुबळं काळीज ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. खिल्लारेला तर नव्हतीच. खिल्लारेचा हात जड होता.

आणि त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेत त्याला एक विचार सुचला.

आजवर बाबांनी हाकललं ते शिव्या देऊन. दगड उगारून. ती परीक्षा सोपी होती, ती कुणीही देईल. आज बाबा दया दाखवून हाकलताहेत. कर्तव्य दाखवून हाकलताहेत. खालच्या जगाची ओढ लावून बघताहेत, की हा पायाशी टिकतो का पळतो. खरी परीक्षा ही. बाबांच्या गुरूंनी लाकूड मारलं होतं. बाबा याहून जळजळीत काहीतरी फेकून मारताहेत.

त्याच्या अंगावर काटा आला. आपली एवढी पायरी झाली असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याला हे खरंच वाटलं, की वाटून घेणं सोयीचं होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. माणूस शिकलेला असला की अशा वेळी विचार फार चटकन सुचतात.

तो पुन्हा मांडी घालून बसला.

“मी जाणार नाही, बाबा,” तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

जालमनाथ त्याच्याकडे पाहत राहिले.

…

मरळीचं कातडं ताणलं गेलं. मग त्यावर फोड येऊ लागले. एक फुटला आणि तेलाचा बारीक थेंब दगडावर पडून चर्र झाला. परातीच्या भोकातून थोडी राख खाली झिरपली आणि माशावर बसली. इथं ती कुणी झटकत नाही, ती विभूती.

“चिमटा घे,” बाबा म्हणाले.

निंबोरेनं घेतला.

“बघ त्याच्याकडे. मान वळवू नको.”

तो बघू लागला. आच त्याच्या कपाळावर येत होती, भुवयांचे केस आक्रसतील असं वाटत होतं. माशाचा डोळा आधी काचेसारखा होता. तो पांढरा झाला. मग वाटाण्यासारखा बाहेर आला. निंबोरेला मान वळवावीशी वाटली. त्यानं वळवली नाही. गुरूची आज्ञा होती.

“विस्तव माशाला लागला का रे?”

“नाही, बाबा.”

“खालून काही आहे? जाळ?”

“खाली दगड आहे. जाळ कुठला?”

“मी काही केलं?”

“तुम्ही नुसता ठेवलात.”

“मग हा भाजतोय कशानं?”

निंबोरे थांबला. वीतभर रिकाम्या जागेकडे त्यानं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, नुसती थरथरणारी हवा. आणि मग त्याचा चेहरा उजळला.

“कळलं,” तो म्हणाला. “कळलं, बाबा. माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंत तुम्ही. विस्तव अलिप्त आहे. तो आपल्या जागी आहे. त्यानं स्पर्शही केला नाही. मासा आपल्या कर्मानं भाजतो…”

तो आणखी बोलणार होता. त्याला हे सगळं पुढच्या गॅदरिंगला कसं सांगायचं, तेही दिसू लागलं होतं.

बाबांनी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला.

तो कातळावर ठेवला. 

“माणूस मरेल, भालचंद्रा,” ते म्हणाले. “मी तुला काही शिकवत नाहीये. यात काही अर्थ नाही. माणूस मरेल एवढंच आहे.”

“होय, बाबा.”

“होय काय?”

“अर्थ नाही हेच…” निंबोरे पुटपुटला आणि त्यानं मान लववली.

…

खालचं गाणं संपलं. जाहिरात लागली. कुठल्याशा तेलाची. मग दुसरं गाणं.

बाबांनी गाण्याच्या दिशेनं मान वळवली. मग बोलले ते निंबोरेला उद्देशून नव्हतं, किंवा असेलही. म्हणाले, की हा रेडिओ इथवर ऐकू येतो. नेहमीच येतो. पहिल्या वेळी वाटलं, कुणाकडे लग्न असेल. दुसऱ्या वेळी कळलं. तरी तू आलास की धुनीखाली काहीतरी सरकवायचो. वांगं, कांदा, कणीस, कुणी आणलेलं कोंबडं. तू प्रश्न विचारायचास. मला बरं वाटायचं. शिकलेला माणूस, अधिकारी माणूस एवढं चढून येतो आणि माझ्या पायाशी बसतो. खाली गाणं चालू असायचं आणि मी तुझ्या पानात वाढायचो.

“मीही इथं बसूनच होतो की,” बाबा म्हणाले.

निंबोरे अवघडला. गुरूनं स्वतःला कमी लेखणं हाही परीक्षेचाच भाग असतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी अवघडला. हे बोलणं त्याला नको होतं. त्यानं माशाकडे बोट दाखवलं.

“बाबा, एक अंग झालं. उलटायला हवा.”

“प्रसाद घेऊन जाशील?”

“प्रसाद घेतल्याशिवाय कसा जाऊ?”

हे मात्र खरं होतं. या टेकडीवरून कुणी उपाशी पोटी उतरत नाही. धुनीखाली एकदा काही सरकवलं की ते खाऊनच उठायचं. अर्ध्यावर उठणं म्हणजे समाधीचा अपमान. कलेक्टर असो की भिकारी, नियम एकच. निंबोरेनं तो नियम आज हाताशी धरला होता, आणि बाबांना ते दिसत होतं.

जालमनाथ उठले. गुडघ्यांवर हात दाबून, कण्हत, टप्प्याटप्प्यानं उठले. पडवीच्या कोपऱ्यात पाण्याची घागर होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. निंबोरे मदतीला धावला. त्यांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं.

धुनीपाशी आले.

आणि सगळी घागर परातीत ओतली.

आवाज असा झाला की चिंचेवरचे पक्षी उडाले. वाफेचा पांढरा लोट उठला, राख उसळली, परात साखळ्यांवर हेलकावली. भोकांमधून काळं पाणी धारांनी खाली आलं आणि अर्ध्या भाजलेल्या मरळीवर, पाट्यावर, समाधीच्या कातळावर पसरलं. एक-दोन निखारे परातीच्या कडेला लाल राहिले होते. बाबांनी तेही चिमट्यानं पाण्यात दाबले.

 ही धुनी विझलेली आजवर कुणी पाहिलेली नव्हती. एकदा पावसाळ्यात पडवी उडाली, तेव्हा या म्हाताऱ्यानं रात्रभर तिच्यावर आपलं घोंगडं धरलं होतं.

“विझली,” बाबा म्हणाले. ते धापा टाकत होते. “धुनी नाही, प्रसाद नाही. मठ संपला. मी तुझा गुरू नाही. आता कशासाठी बसशील, ते सांग.”



त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकही सुंदर विचार आला नाही. पहिल्यांदाच त्याला नुसता हिरामण दिसला. काल संध्याकाळी जिपेतून उतरवला तेव्हाचा. बारीक अंगाचा, बंडी घातलेला, एक हात छातीवर ठेवून उभा. निंबोरेला तेव्हा वाटलं होतं, हा नमस्कार करतोय.

तो वळला. पायऱ्यांच्या तोंडाशी त्याचे जोडे होते. उन्हात तापले होते. त्यानं एकात पाय घातला, वाकून पट्टा ओढला. दुसऱ्यात घातला. पट्टा लागेना.

खालचं गाणं मध्येच तुटलं.

…

रेडिओ बंद झाला होता.

वाकलेला निंबोरे तसाच राहिला. गाव एकदम फार मोकळं, फार लांबवर ऐकू येऊ लागलं. कुठं तरी हातपंप वाजत होता. एक बैलगाडी जात होती.

सवयीनं त्याला आधी हायसं वाटलं. काम झालं, आता उतरायला हरकत नाही. दर वेळी असंच वाटायचं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

कबुली दिली असेल, तो स्वतःशी म्हणाला. कबुली दिली असेल म्हणून थांबले असतील.

त्यानं जोडे काढले. का काढले ते त्याला कळलं नाही. परत येऊन तो विझलेल्या धुनीपाशी उभा राहिला. बाबा कातळावर बसले होते, मांडीवर पंचा, पंच्यावर तो मासा. एका अंगानं काळा, दुसऱ्या अंगानं कच्चा, आणि सगळा राखेनं माखलेला. ते पंच्याच्या टोकानं राख पुसत होते. विभूती पुसत नाहीत. ते पुसत होते.

चिंचेची सावली पायरीभर सरकली.

मग पायऱ्यांवर बूट वाजले. ढगे शिपाई वर येत होता. पोट सुटलेला, निवृत्तीला आलेला माणूस. शेवटच्या पायरीवर येऊन तो नुसता धापा टाकत राहिला. सवयीनं धुनीला नमस्कार करायला त्यानं हात जोडले आणि परातीकडे पाहून त्याचे हात तसेच राहिले.

“बोल,” निंबोरे म्हणाला.

ढगेनं बाबांकडे पाहिलं.

“बोल, इथंच बोल.”

ढगेनं सांगितलं ते असं. हिरामण एकाएकी निपचित पडला. पाणी मारलं, हलवला, तो उठेना. दवाखान्यात नेला, पण डॉक्टरनं तिथं हात लावायच्या आधीच मान हलवली. खिल्लारेमामा म्हणतात, छातीत अचानक दुखू लागलं, असंच सांगायचं. तसं त्याला छातीचं होतंच म्हणतात. बायको फाटकाशी आहे, तिला अजून कुणी काही बोललेलं नाही. पण माणसं जमायला लागलीत. पानवाल्यानं दुकान बंद केलंय.

“आणि मामांनी विचारलंय,” ढगे म्हणाला, “साहेब दुपारपासून टेकडीवर होते, एवढं बाबांच्या तोंडून निघेल ना? उद्या वरचे साहेब चौकशीला येतील. बाबा बोलले की मग कुणी काही बोलणार नाही.”

आता हे इथं लिहायलाही जड जातं, पण झालं ते असं, की निंबोरेच्या जिवात जीव आला. बुडत्याच्या हाताला दोर लागावा तसा. मघाचा तो हिरामण, छातीवर हात ठेवलेला, डोळ्यांपुढून गेला. त्या जागी चौकशीची खोली आली, टेबल आलं, त्यामागचे वरचे साहेब आले. आणि त्यांच्यासमोर भगव्या वस्त्रातला, सगळा तालुका ज्याच्या शब्दापुढे मान तुकवतो असा हा म्हातारा आला.

तो गुडघ्यांवर बसला. काळ्या पाण्यात त्याची खाकी पॅन्ट भिजली.

“बाबा,” तो म्हणाला, “तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पाहिलंय. मी तिथं नव्हतो.”

बाबा मासा पुसत होते.

“मी कुणाला हात लावलेला नाही. आजच नाही, कधीच नाही. तुम्ही सांगाल ना, बाबा? कुणी विचारलं तर?”

“सांगेन.”

निंबोरेनं डोळे मिटले. ढगेनंही सुस्कारा टाकला आणि टोपी काढून घाम पुसला.

बाबांनी मासा पंच्यात गुंडाळला. नीट, चारी बाजूंनी दुमडून, एखादी ठेव परत करायची असावी तसा. मग आपली काठी जवळ ओढली आणि ढगेला म्हणाले, मला हात दे; मला खाली उतरायचंय. सावकाश उतरू, बसत-बसत उतरू, पण उतरायचंय.

“बाबा, तुम्ही कशाला?” निंबोरे म्हणाला. “चौकशीचे साहेबच वर येतील तुमच्याकडे. मी घेऊन येतो त्यांना.”

“त्यांना मग सांगेन. आधी द्वारकेला सांगतो.”

“तिला? … तिला काय सांगणार?”

जालमनाथ ढगेच्या खांद्याला धरून उभे राहिले. पहिल्या पायरीवर काठी टेकवली. मागं वळून त्यांनी गुडघ्यांवर बसलेल्या निंबोरेकडे पाहिलं.

“जे तू म्हणतोस तेच,” ते म्हणाले. “मी जा-जा म्हणत होतो, तेव्हा तू इथंच होतास.”